आंधळीची खूण

वेळणे, जि. रत्नागिरी
ता. ६ मे २०२५

चि. राजश्रीस धोंडूकाकाचा आशीर्वाद.

तुझं पत्र शिमग्याच्या आधी आलं आणि मी उत्तराला आज बसतोय. फार उशीर झाला, रागावू नको. आधी चष्म्याची काडी मोडली. ती दोऱ्याने बांधली तर पेन झरेना. पेन आलं तर काय लिहायचं ते सुचेना. पाचवीपर्यंत शिकलेला माणूस मी, हायस्कुलात भूगोल शिकवणाऱ्या बाईंना लिहायचं म्हणजे हात अडतो. तू म्हणालीस फोन करा. पण मला आता ऐकू कमी येतं, मग मी ओरडून बोलतो आणि आपल्या घरचं बोलणं सगळ्या वाडीला कळतं. त्यापेक्षा पत्र बरं.

तू लिहिलंस की मिरकरवाडा बंदराच्या नव्या तांडेलांना होडी हाकताना मोबाइलवर वाट दिसते, पण पाण्याखालचे दगड त्यांना नावाने माहीत नाहीत, म्हणून तू बोकडनाकाच्या खडपांचा एक कागद छापणार आहेस. चांगलं काम आहे. तुझा बाप महिपत मुंबईच्या गोदीत गेला आणि त्याला हे शिकायचं राहून गेलं. त्याची मुलगी विचारते आहे म्हणून मला बरं वाटलं.

तर ऐक. आमचं बोकडनाक पश्चिमेला समुद्रात घुसलेलं आहे. वर सडा, सपाट, जांभ्याचा. कडा सत्तर-ऐंशी हात उभा आणि पायथ्याला लाटांनी पोखरलेल्या गुहा. त्यात पाणी शिरलं की म्हातारा बोकड खोकल्यासारखा आवाज येतो. नाकाच्या समोर, समुद्रात, तीन चुली. ते तीन काळे दगड भरतीलाही वर असतात, त्यांची भीती नाही. नाक आणि चुली यांच्या मधून जायला वाट आहे, तिला मधली वाट म्हणतात. दक्षिणेकडून मिरकरवाड्याला परतणारी होडी तिथून गेली की चुलींचा वळसा वाचतो. पण त्याच वाटेत आंधळी आहे. उधाणाच्या ओहोटीला तिचा माथा ताटाएवढा दिसतो, एरवी काही नाही. लाटसुद्धा फुटत नाही. होडी वर गेली की तळाची फळी फुटते आणि मग नाकाच्या बाजूला पोहून जायलाही जागा नाही, सगळा कडा. माझ्या आठवणीत दोन होड्या गेल्या. म्हणून इथे खूण बरोबर पाहिजे.

खूण अशी. उत्तरेकडे जाताना मान वळवून मागे बघायचं. आमच्या रवळनाथाच्या देवळाचा कळस दिसतो आणि त्याच्या मागे सड्याची धार. धारेवर एक एकटा वड आहे. वडाच्या उजव्या हाताला डोंगर सुटल्याची तांबडी दरड आहे. कळस दरडीखाली आला की होडी आंधळीवर आली. म्हणून कळस दरडीच्या डाव्या अंगाला ठेवून जायचं, म्हणजे आंधळी नाकाकडे राहते.

दरडीखाली असं लिही. वडाचं लिहायची गरज नाही. वड म्हातारा झाला आहे, एखाद्या वादळात पडेल.

बाकीच्या सात खडपांच्या खुणा वेगळ्या कागदावर लिहिल्या आहेत. अक्षर लागलं नाही तर विचार. काकू म्हणते, राजश्रीला सांगा, आंबे पाठवले आहेत, पिकायला ठेव, लगेच कापू नकोस. मुरुडचा रस्ता वळणाचा आहे, स्कूटर हळू चालव. कागद पोहोचला का ते कळव, नाहीतर मला झोप येत नाही.

तुझा,
धोंडूकाका


मुरुड, ता. दापोली
ता. २१ जून २०२५

ती. स्व. धोंडूकाकांस राजश्रीचा नमस्कार.

कागद पोहोचला, आंबेही पोहोचले. अक्षर उत्तम लागलं. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांपेक्षा बरं आहे.

तुम्हाला एक आनंदाची गोष्ट सांगते. दोनशे कागद छापून झाले, वर प्लॅस्टिकही चढवून घेतलं, म्हणजे खाऱ्या पाण्यात टिकतील. पावसाळ्याची मासेमारीबंदी आहे तोवर सगळ्या होड्या किनाऱ्याला आहेत, म्हणून मी गेल्या रविवारी मिरकरवाड्याला जाऊन वाटायला सुरुवात केली. जाळी शिवत बसलेले लोक आधी हसले. एक आजोबा म्हणाले, "बाई, तुम्ही शाळेत नद्या शिकवा. दगड आम्हाला शिकवू नका." मी म्हटलं, "मी कुठे शिकवते? वेळण्याच्या धोंडू तांडेलांनी लिहून दिलंय." आजोबांनी लगेच हात पुढे केला. म्हणाले, "धोंडूने सांगितलं? मग आधी का नाही बोललात? आणा इकडे." त्यानंतर कुणी एक प्रश्न विचारला नाही. कागद हातोहात गेले.

ऋत्विक म्हणून एक तरुण तांडेल आहे. त्याने तुमचा कागद होडीच्या सुकाणूच्या चाकाशेजारी खिळे मारून बसवला. तो आजवर मधल्या वाटेने गेलाच नव्हता, भीतीने चुलींच्या बाहेरून जायचा. आता म्हणतो, "काकांची खूण आहे तर कशाला वळसा?" नारळी पौर्णिमा झाली की तो मला होडीतून नेणार आहे. आंधळी बाजूला ठेवून मधल्या वाटेने जाताना मागे वळून कळस बघायचा आहे मला. बाबांनी मला समुद्र दाखवला तो फक्त मुंबईचा. आपला समुद्र मी तुमच्या कागदावरून बघणार.

काकूंना नमस्कार, दर्शनदादाला आठवण.

तुमची,
राजश्री


वेळणे
ता. २८ जून २०२५

चि. राजश्रीस आशीर्वाद.

पत्र वाचलं. तू होडीतून जाऊ नकोस. पौर्णिमेनंतरही पाणी खवळलेलं असतं, ते वरून दिसत नाही. तुला होडीची सवय नाही, चक्कर येईल, उलटी होईल. त्या ऋत्विकला वाटेची सवय नाही. त्याला सांग चुलींच्या बाहेरून जा. वळसा पडला तर पडला. कागदावर असं पण छापता येईल का, की मधल्या वाटेने कुणीच जाऊ नये? चार दिवस मी त्याचाच विचार करतोय.

इकडे पाऊस धरून आहे. माझं पोट बरं नाही. काकू म्हणते, काही झालेलं नाही, उगाच घोर लावून घेतात. दर्शनने होडीला डांबर लावलं.

जाणार नाहीस ना ते लिही.

धोंडूकाका


मुरुड
ता. ५ जुलै २०२५

ती. स्व. काकांस नमस्कार.

तुमचं पत्र वाचून हसू आलं आणि थोडा रागही आला. मी एकोणपन्नास वर्षांची आहे, काका. दर्शनदादा तुमचा मुलगा, म्हणून दहा वर्षांचा असताना तुम्ही त्याला होडीत घेऊन गेलात. मी बाई म्हणून मला चक्कर येणार? लहानपणी मे महिन्यात वेळण्याला यायचे तेव्हाही तुम्ही मला पुळणीवर वाळूत बसवून ठेवायचात आणि दादाला न्यायचात. ते मी विसरले नाही.

मी जाणार आहे. खूण तुमची आहे, मग भीती कसली?

राहिलेले चाळीस कागद पूर्णगडच्या बाजूला पाठवते आहे.

राजश्री


वेळणे
ता. १२ जुलै २०२५

चि. राजश्री,

हे पत्र शेवटपर्यंत वाच, मधे फाडू नकोस.

आंधळीची खूण मी खोटी दिली आहे. कळस दरडीखाली आला की आंधळी, असं लिहिलं ते खरं नाही. कळस वडाखाली आला की आंधळी. दरडीच्या डाव्या अंगाला वडच आहे. म्हणजे माझा कागद बघून, कळस दरडीच्या डावीकडे ठेवून जो जाईल, तो सरळ तिच्या माथ्यावर जाईल. खरी वाट वडाच्याही डावीकडून आहे. बाकीच्या सात खुणा खऱ्या आहेत, रवळनाथाची शपथ.

आता का केलं ते सांगतो. त्याने माझी चूक कमी होत नाही, पण तुला कळायला पाहिजे.

आंधळीच्या कपारीत हेकरू आणि तांब हे मासे राहतात. तीन-तीन, चार-चार किलोचे. पावसाळा सरला की दोन महिने आमचं घर त्या एका दगडावर चालतं. माझे वडील आप्पा, म्हणजे तुझे आजोबा, मला पहिल्यांदा तिथे घेऊन गेले तेव्हा म्हणाले होते, "जाळं उसनं द्यावं, खूण देऊ नये. कुणी फारच मागे लागला तर नाही म्हणू नये, वैर होतं. सांगायची, पण एक हात सरकवून सांगायची." सगळे तेच करतात. आम्हाला दुसऱ्या गावच्या लोकांनी सांगितलेल्या खुणाही तशाच असतात, आणि आम्हाला ते माहीत असतं. आप्पांनी एकदा दक्षिणेकडच्या एका होडीला ही दरडीचीच खूण सांगितली होती. ते लोक दिवसभर नुसत्या वाळूच्या तळावर गळ टाकून बसले आणि रिकामे गेले. आम्ही नाकावर बसून हसलो.

पण ते लोक मासे धरायला विचारत होते. तू विचारलंस वाट काढायला. हा फरक माझ्या डोक्यात आला नाही. पेन हातात घेतलं, कागद मिरकरवाड्यात वाटणार एवढंच डोळ्यांपुढे आलं, आणि हात सवयीने सरकला. वर तुला सांगितलं, वडाचं लिहू नकोस. म्हणजे सवयीनेच केलं असंही म्हणता येत नाही. लपवायची अक्कल होती.

तुझा छापील कागद दर्शनने मित्राकडून आणला. वाचून तो ओसरीवर पोट धरून हसला. "बाबा, दरडीखाली? काय डोकं आहे तुमचं! बसूदेत मेल्यांना वाळू हुंगत." मीही हसलो. खोटं कशाला बोलू, हसलो. काकू भाकऱ्या थापत होती, तिने आतून विचारलं, "काय गो बाई एवढं?" दर्शनने सांगितलं. ती म्हणाली, "आणि कुणी मासे धरायला न जाता नुसता घरी जात असला तर?"

दर्शन म्हणाला, "कोण जातो कागद बघून, सगळ्यांकडे मोबाइल आहे." मला त्याच दिवशी तुझं पत्र आलं, ऋत्विकने कागद खिळ्यांनी बसवला ते.

मी तेव्हाच लिहायला पाहिजे होतं. मला वाटलं, तू गेली नाहीस आणि तो चुलींच्या बाहेरून गेला की झालं, माझं नाव राहील. म्हणून पोटाचं आणि उलटीचं लिहिलं. तुझं उत्तर आलं, भीती कसली म्हणून. त्या दिवशी मी देवळाकडून चालत नाकावर गेलो. मधल्या वाटेत पाणी वर-खाली होत होतं, आंधळी कुठे आहे ते वरून मला दिसत नव्हतं, पण मला ती जागा बोट ठेवून दाखवता येते. साठ वर्षं येते. आणि मी दोनशे लोकांना दुसरीकडे बोट दाखवलं.

फोन केला असता, पण हे ओरडून सांगण्यासारखं नाही. पत्र पोस्टात टाकत नाही, दापोलीच्या एसटीच्या कंडक्टरकडे देतो, तो आपल्या वाडीचा जावई आहे. मिळाल्यावर आधी त्या ऋत्विकला सांग, मग माझ्यावर राग काढ.

धोंडूकाका


मुरुड
ता. १६ जुलै २०२५

ती. स्व. काकांस,

पत्र १३ तारखेलाच मिळालं. त्याच मिनिटाला ऋत्विकला फोन केला. तो म्हणाला, "कागदात गडबड आहे? बरं झालं बाई सांगितलंत." गडबड कोणाची ते त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

तीन दिवस मी उत्तर लिहू शकले नाही. चुकीच्या खुणेचा राग आहेच. पण मला जास्त लागलं ते दुसरं. बाहेरच्याला खूण सरकवून सांगायची, असं आप्पा म्हणाले होते ना? मग मी बाहेरची कधी झाले? बाबा मुंबईला गेले तेव्हा, की माझं लग्न झालं तेव्हा? पहिल्या पत्रात तुम्ही लिहिलं होतंत, महिपतची मुलगी विचारते आहे म्हणून बरं वाटलं. ते वाक्य मी शाळेत सगळ्यांना वाचून दाखवलं होतं.

असो. आता पुढचं. नव्याने दोनशे कागद छापायला दिले आहेत, दरडीच्या जागी वड. जुने परत गोळा करणं शक्य नाही, काही तर पूर्णगडच्याही पुढे गेले. नव्या कागदावर तळाला एक ओळ टाकते: 'मागील कागदात छपाईची चूक राहिली होती, ती येथे दुरुस्त केली आहे.' म्हणजे तुमच्यावर काही येणार नाही. दर्शनदादाला त्याच बंदरात मासळी विकायची आहे, काकूंना लोकांत वावरायचं आहे. तुम्ही सत्त्याहत्तर वर्षांचे आहात. या वयात तुमचं नाव खराब करून मला काय मिळणार? खरी खूण तुम्ही सांगितलीत, ते माझ्यासाठी पुरे.

छापखाना २८ तारखेपर्यंत मजकूर बदलू देईल. तब्येत जपा.

राजश्री


वेळणे
ता. २० जुलै २०२५

चि. राजश्रीस अनेक आशीर्वाद.

पुन्हा उशीर झाला. तुझं पत्र १७ तारखेला आलं. तीन दिवस घरात भांडण चाललं होतं, ते मिटवून लिहायला बसलो.

छपाईची चूक असं छापू नकोस.

तुझा हेतू चांगला आहे. पण बाळा, तू बंदरातली माणसं ओळखत नाहीस. ज्याने एक कागद खिळे मारून बसवला तो दुसरा आणायला जाणार नाही. नवा कागद कुणी हातात दिला तर तळाची ओळ वाचणार नाही. वाचली तर म्हणेल, छापखान्यावाले काहीही छापतात, धोंडू तांडेलाने सांगितलेलं पहिलंच बरोबर असणार. माझं नाव चांगलं राहिलं तर माझी खोटी खूणही चांगली राहील. हे मला रात्रंदिवस दिसतंय.

त्याऐवजी असं कर. मिरकरवाड्याला जा, सकाळच्या लिलावाच्या जागी. होड्या बंद असल्या तरी माणसं तिथेच बसलेली असतात. मोठ्याने सांग, की वेळण्याच्या धोंडू तांडेलाने आंधळीची खूण खोटी दिली, मासे लपवायला दिली, आणि तो स्वतः कबूल आहे. हे माझं पत्र वाचून दाखव. बघ मग. दुपारच्या आत ती बातमी पूर्णगडला, संध्याकाळी जयगडला. म्हाताऱ्याने कसं फसवलं ते जो तो दुसऱ्याला सांगेल आणि सांगताना खरी खूणही सांगावी लागेल, त्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही. तुझे दोनशे कागद जिथे पोहोचणार नाहीत तिथे ही पोहोचेल. कागदावरही छाप, माझ्या नावाने.

दर्शन ऐकायला तयार नव्हता. "आंधळी पण जाणार आणि अब्रू पण जाणार. मला उद्या त्याच बंदरात टोपली उतरवायची आहे. लोक म्हणतील, बापाने खोटी खूण विकली, आता मुलगा मासळी विकतो." मी म्हटलं, म्हणतील. तो म्हणाला, "तुम्हाला काय, तुम्ही घरी बसणार." ते खरं आहे. काकू मग त्याला म्हणाली, "आंधळीवर दोन माणसं जास्त आली तर मासे कमी मिळतील. एखादी होडी फुटली तर तू तिथे गळ टाकून बसशील का? बसवेल का तुला?" तो उठून होडीकडे गेला. काल जेवताना मला म्हणाला, "लिहायचं तर नीट लिहा. आंधळीच्या उत्तरेला पाण्याखाली दगडाची एक लहान धार आहे, ती पण सांगा, नाहीतर वडाच्या डावीकडून गेलेला तिच्यावर घासेल." ती मला माहीत नव्हती. त्याने स्वतः शोधली आहे. कळस वडापासून दोन बोटं डावीकडे दिसला पाहिजे, एक नाही. हात लांब करून बोटं धरायची. हे छाप, आणि त्याचं नाव घाल, दर्शन धोंडू म्हणून.

तू विचारलंस, बाहेरची कधी झालीस. मी त्यावर पुष्कळ विचार केला. आम्ही मुलींना खुणा सांगत नव्हतो, कारण त्या दुसऱ्या गावात जातात, असं म्हणायचे. मी कधी विचारलं नाही की मग पुतणीचं काय. मे महिन्यात तुला पुळणीवर बसवायचो ते तू लिहिलंस, तेव्हा मला तू बसलेली दिसलीस, लाल रिबिनी होत्या. चूक माझी आहे. पौर्णिमेनंतर इकडे ये. ऋत्विकबरोबर नको, दर्शनच्या होडीत बस. मीही येईन, डोळ्यांना वड अजून दिसतो. कळस वडापासून किती डावीकडे ठेवायचा ते तुझ्या बोटांनी मोजून घे. तुझी बोटं माझ्यापेक्षा बारीक आहेत, म्हणजे तुझ्यासाठी दोन पुरणार नाहीत, तीन लागतील. हे कागदावरही कसं लिहायचं ते तू बघ, मला सुचत नाही.

आता माझी एवढीच काळजी. तू भिडेपोटी गप्प बसशील, छपाईची चूक म्हणून मोकळी होशील. तसं करू नकोस. लिलावाच्या जागी वाचून दाखवलंस की त्याच दिवशी मला पत्र टाक. लोक काय म्हणाले ते गाळू नकोस. शिव्या दिल्या असतील तर त्या जशाच्या तशा लिही, म्हणजे मला कळेल की सगळ्यांनी नीट ऐकलं. मी रोज पोस्टमनच्या वेळेला देवळापाशी येऊन बसतो. लवकर लिही.

तुझा काका,
धोंडू